यलो झोन, ग्रीन झोन ठरवतं कोण? नगर नियोजनाच्या पदव्युत्तर शिक्षणाची शहापूर-मुरबाडकरांसाठी माहिती

शहापूर : समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. तेव्हापासून शहापूर तालुक्यात जमिनीच्या व्यवहारांची बोलणी पुन्हा रंगू लागली आहेत. तिकडे मुरबाडमध्ये कल्याण-मुरबाड रेल्वे, माळशेजकडे जाणारा महामार्ग आणि एमआयडीसी यांच्या भोवती हीच चर्चा आहे. चहाच्या टपरीवर बसलेला एजंटही 'ही जमीन यलो झोनमध्ये आहे, ती ग्रीनमध्ये' असं सहज सांगतो. पण हा पिवळा-हिरवा रंग नकाशावर भरला कोणी आणि कशाच्या आधारावर, हे फारसं कोणी विचारत नाही.

हा रंग भरण्याचं एक शिक्षण असतं. त्याला नगर नियोजन किंवा शहर नियोजन म्हणतात. पदवीनंतर दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आहे. बारावी झालेल्या पोरांना इंजिनिअरिंग, नर्सिंग, डी.एड., पोलीस भरती माहीत असते. हा रस्ता मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

नियोजनकार नक्की काय करतो?

घराचा नकाशा आर्किटेक्ट काढतो, पूल इंजिनिअर बांधतो. नियोजनकार त्याच्याही आधीचं काम करतो. वीस वर्षांनी या भागात किती माणसं राहतील, त्यांना पाणी कुठून येईल, शाळा-दवाखान्याला जागा कुठे ठेवायची, रस्ता किती रुंद हवा, कोणती शेती शेतीच राहिली पाहिजे, हे तो ठरवतो आणि नकाशावर मांडतो. राहण्याच्या वापराला पिवळा रंग आणि शेतीला हिरवा, अशी ही नकाशाची भाषा असते.

महाराष्ट्रात हे काम 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६' या कायद्यानुसार चालतं. मोठ्या प्रदेशासाठी प्रादेशिक योजना होते, शहरासाठी विकास आराखडा होतो आणि छोट्या भागासाठी नगररचना योजना करता येते. शहापूर आणि मुरबाड या दोन्ही गावांना आता नगरपंचायत आहे. म्हणजे विकास आराखडा हा विषय ठाण्या-कल्याणापुरता राहिलेला नाही, आपल्या बाजारपेठेपर्यंत आला आहे.

आपल्याच जिल्ह्यातला धडा

नियोजनाचं बरं-वाईट दोन्ही बघायचं तर लांब जायला नको, नवी मुंबई जवळच आहे. मुंबईवरचा भार कमी करायला खाडीपलीकडे नवं शहर वसवावं, ही कल्पना १९६५ च्या सुमारास चार्ल्स कोरिया व प्रवीणा मेहता हे वास्तुविशारद आणि शिरीष पटेल हे अभियंते या तिघांनी मांडली. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. आजच्या ठाणे आणि रायगड जिल्ह्यांतली ९५ गावं या प्रकल्पात आली. रुंद रस्ते, नोड, रेल्वे स्टेशन हे सगळं कागदावर आधी आलं आणि जमिनीवर नंतर.

पण जमीन ज्यांची गेली त्यांचं काय? जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचं आंदोलन झालं. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्यानंतर विकसित भूखंडाचं साडेबारा टक्क्यांचं धोरण आलं. तरीही मूळ गावठाणाबाहेर वाढलेल्या घरांचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. कुटुंबं वाढली, घरं वाढली. गावठाणाची रेघ मात्र होती तिथेच राहिली. नियोजनात गावाची वाढ मोजायची राहून गेली की पुढच्या पिढीचं घर 'अनधिकृत' ठरतं, हा त्यातला धडा.

समृद्धीच्या वेळी शहापूर तालुक्यानेही याची झलक पाहिली. सुरुवातीला सरकारने 'लँड पूलिंग'ची योजना मांडली होती. म्हणजे जमीन द्यायची आणि त्या बदल्यात विकसित भूखंडाचा हिस्सा व काही वर्षं वार्षिक मोबदला घ्यायचा. शेतकऱ्यांचा विरोध झाला. पुढे २०१७ मध्ये थेट खरेदीचा मार्ग आला. लँड पूलिंग चांगलं की वाईट, याचं एकच उत्तर नाही. किती टक्के जमीन परत मिळते, कुठे मिळते आणि कधी मिळते, यावर ते ठरतं. हा हिशोब नियोजनाच्या वर्गात शिकवतात. गावात तो समजावून सांगणारं आपलं माणूस असतं तर निर्णय घेणं सोपं गेलं असतं.

दोन वर्षांत काय शिकवतात?

या पदवीला बहुतेक ठिकाणी 'मास्टर ऑफ प्लॅनिंग' किंवा एम.प्लॅन म्हणतात. काही संस्थांत नाव थोडं वेगळं असतं. चार सेमिस्टर असतात. पुस्तकापेक्षा 'स्टुडिओ'ला महत्त्व जास्त. स्टुडिओ म्हणजे गटाने एखाद्या खऱ्या गावात किंवा शहरात जायचं, घरोघरी सर्वेक्षण करायचं, जमिनीचा आजचा वापर टिपायचा, रस्त्यावरच्या गाड्या मोजायच्या आणि मग त्या भागाचा आराखडा तयार करायचा.

जोडीला लोकसंख्येचा अंदाज, वाहतूक, घरबांधणी, पाणी-सांडपाणी, पर्यावरण, जमिनीचे कायदे, पालिकेचा जमाखर्च आणि जीआयएस म्हणजे संगणकावरचे नकाशे हे विषय असतात. शेवटच्या वर्षी स्वतःचा प्रबंध करावा लागतो. काही संस्थांत प्रादेशिक नियोजन, वाहतूक नियोजन, पर्यावरण नियोजन अशा वेगळ्या शाखाही आहेत. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याने प्रादेशिक नियोजनाकडे जरूर बघावं, कारण त्यात शहर आणि त्याच्या आजूबाजूची गावं एकत्र अभ्यासली जातात.

एक उदाहरण पाण्याचं. तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. मुंबईचं जवळपास निम्मं पाणी एकट्या भातसातून जातं. ही दोन्ही धरणं शहापूर तालुक्यात. तरी उन्हाळा आला की तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर टँकर लागतो. नियोजनात शहरासाठी माणशी रोज १३५ लिटर पाणी धरतात, तर जलजीवन मिशनमध्ये गावासाठी ५५ लिटर. हे आकडे आकाशातून पडलेले नाहीत, माणसांनी ठरवलेले आहेत. ते कसे ठरतात आणि कुठे प्रश्न विचारायचा, हे शिकलेल्या माणसाला कळतं.

प्रवेश कोणाला मिळतो?

सिव्हिल इंजिनिअरिंग, आर्किटेक्चर किंवा बी.प्लॅनिंग झालेल्यांना थेट मार्ग आहे. पण दिल्लीच्या एसपीएसारख्या काही संस्था भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र यांत एम.ए. किंवा एम.एस्सी. केलेल्यांनाही काही शाखांमध्ये घेतात. म्हणजे तालुक्याच्या कॉलेजात भूगोल घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीलाही हा दरवाजा पूर्ण बंद नाही. कोणत्या शाखेला कोणती पदवी चालते, ते त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच अर्ज करावा.

सरकारी संस्थांतल्या प्रवेशासाठी मुख्य परीक्षा 'गेट'. त्यात 'आर्किटेक्चर अँड प्लॅनिंग' हा पेपर असतो. कला आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही आता गेट देऊ शकतात, पदवीच्या तिसऱ्या वर्षापासून. बारावीनंतरच या वाटेला लागायचं असेल तर बी.प्लॅनिंग हा चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी बारावीला गणित लागतं आणि जेईई मेनचा नियोजनाचा वेगळा पेपर द्यावा लागतो.

कुठे शिकता येतं?

राज्यात पुण्याचं सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आणि नागपूरची व्हीएनआयटी ही दोन जुनी सरकारी ठिकाणं. राज्याबाहेर दिल्ली, भोपाळ आणि विजयवाडा इथल्या एसपीए, आयआयटी खरगपूर व रुरकी. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचं नाव मोठं आहे, पण फीही मोठी आहे. मुंबईत देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शहरी धोरण व कारभार शिकता येतो. आयआयटी मुंबईच्या 'सितारा' केंद्रात ग्रामीण तंत्रज्ञान आणि विकास यांचा एम.टेक आहे. तो नगर नियोजनाचा नाही. पण गावात राहून पाणी, रस्ते, ऊर्जा यांचा अभ्यास करायचा असतो, म्हणून आपल्या भागातल्या इंजिनिअरिंगच्या मुलांना जवळचा वाटेल.

खर्चाचं काय?

आयआयटी, एनआयटी, एसपीए अशा केंद्रीय संस्थांत गेटच्या गुणांवर प्रवेश मिळालेल्यांना नियमानुसार दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकतं. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी आणि इतर पात्र विद्यार्थ्यांसाठी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरता येतात. आदिवासी विद्यार्थ्यांना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर स्वयम् योजना आहे. त्याची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी. जातवैधता प्रमाणपत्र आधीच काढून ठेवावं. ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ तिथेच होते.

नोकरीचं खरं चित्र

राज्याचा नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग आहे, मुख्यालय पुण्यात. सहायक नगररचनाकार हे पद एमपीएससीमार्फत भरतात. रचना सहायक पदासाठी सिव्हिलचा डिप्लोमाही चालतो. सिडको, एमएमआरडीए, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ आणि महापालिकांत नियोजनकार लागतात. शिवाय आराखडे करून देणाऱ्या खाजगी सल्लागार कंपन्या आहेत.

पण पदवी हातात पडली म्हणजे नोकरी मिळाली, असं समजू नये. सरकारी जागा मोजक्या असतात आणि जाहिरात कधी येईल याचा नेम नसतो. बऱ्याच जागा कंत्राटी असतात. सुरुवातीची दोन-तीन वर्षं खाजगीत कमी पगारावर काढावी लागतात. जीआयएस चांगलं येत असेल तर काम लवकर मिळतं. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घरी बसून शिकता येतं.

गावाकडचं पोरगं यात का हवं?

उपग्रहाच्या चित्रात वरकस जमीन पडीक दिसते. तिथे नाचणी-वरई पिकते, राबासाठी पाला-कवळ मिळतो, हे चित्रात येत नाही. पाच-सात घरांचा पाडा नकाशावर ठिपकाही नसतो. बैलगाडीची वहिवाट, उन्हाळ्यात टिकणारा झरा, स्मशानाकडे जाणारी पायवाट यातलं काही सातबाऱ्यावर असतं, काही नसतं. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली काही गावं अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तिथे पेसा कायद्याने भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करणं बंधनकारक आहे. ज्याने ग्रामसभा पाहिली आहे आणि नकाशाही वाचता येतो, असा माणूस दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल.

तोवर एवढं तरी करावं. कोणताही आराखडा किंवा प्रादेशिक योजना मंजूर होण्याआधी तिचं प्रारूप जाहीर होतं, नकाशे कार्यालयात बघायला ठेवतात आणि लेखी हरकती-सूचना मागवतात. मुदत नोटिशीतच लिहिलेली असते. आपला गट नंबर नकाशावर शोधावा, त्यावर रस्ता किंवा आरक्षण पडलं आहे का बघावं, हरकत लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. मुदत गेल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा मुदतीत दिलेला एक अर्ज जास्त कामाचा. आणि घरात दहावी-बारावीचं पोर असेल तर तो नकाशा बघायला जाताना त्यालाही सोबत न्यावं.