तोंडाचा कॅन्सर: दुखत नाही तोवरच दाखवा

तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की कुणीतरी हमखास आजोबांचा दाखला देतं. नव्वद वर्षं जगले, शेवटपर्यंत चुन्याची डबी सुटली नाही! असे आजोबा असतात, नाही असं नाही. पण भारतातल्या पुरुषांना होणाऱ्या कॅन्सरांमध्ये तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार 2022 या एका वर्षात देशात स्त्री-पुरुष मिळून सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे 80 हजार माणसं या आजाराने दगावली. जगातले एक तृतीयांशाहून अधिक रुग्ण एकट्या भारतातले. घसा आणि स्वरयंत्राचे कॅन्सर यात धरलेलेच नाहीत, त्यांची मोजदाद वेगळी होते.

यावरून ‘म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं जातातच’ असा हिशेब लोक मांडतात. तो चुकतो. त्या वर्षी वारलेले आणि त्या वर्षी निदान झालेले रुग्ण तेच नसतात. शिवाय गालाच्या आत मुगाएवढी जखम घेऊन आलेला आणि आजार जबड्यापर्यंत, मानेतल्या गाठींपर्यंत पोहोचल्यावर आलेला, असे दोघेही या आकड्यांत सरसकट मोजलेले असतात. आपल्याकडे बहुतेक जण आजार असा पसरल्यावरच येतात, म्हणून मृत्यू इतके. शरद पवारांवर 2004 साली या आजाराची शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी राजकारण केलं. आर. आर. पाटील मात्र 2015 साली, अवघ्या 57व्या वर्षी याच आजाराने गेले. दोन माणसांवरून नियम काढू नये, पण ‘तोंडाचा कॅन्सर म्हणजे संपलंच’ हे खरं नाही.

‘कॅन्सरला हत्यार लावू नये, चवताळतो’ हा समज तर जिवावर बेतणारा. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचा तोंडाच्या कॅन्सरच्या शस्त्रक्रियेवरचा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला. आजार सुरुवातीचा, मानेत गाठ हाताला लागत नाही, तरीही तोंडातल्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतल्या लसिका ग्रंथीही काढल्या, अशा रुग्णांपैकी 80 टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ दिसेपर्यंत थांबून मग मानेला हात घातला, त्या गटात हे प्रमाण 67.5 टक्के. हत्यार वेळेवर आणि पुरेसं लागलं म्हणून माणसं वाचली.

आता सवयींकडे वळू. ‘मी सिगारेट ओढत नाही’ हे महाराष्ट्रात फारसं कामाचं उत्तर नाही. 2016-17च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यात धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि तंबाखू तोंडात ठेवणारे किंवा लावणारे 24.4 टक्के. यात मिश्रीही आली. ‘खात नाही, नुसती दाताला लावते’ असं म्हणणाऱ्या बाईच्या हिरडीवर भाजलेली तंबाखूच चोळली जात असते.

आणि सुपारी! तिला आपण पूजेत मान देतो, म्हणून तिच्याकडे संशयाने पाहवत नाही. पण तंबाखू नसलेली नुसती सुपारीदेखील कॅन्सरकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनेच वीसहून अधिक वर्षांपूर्वी दिला आहे. नागपूरकडच्या टपरीवर खर्रा घोटताना पाहा: सुपारीचा चुरा, तंबाखू, वर चुना, आणि प्लास्टिकच्या कागदाखाली सगळं रगडणं. चुन्याने निकोटीन लवकर भिनतं आणि गालाची त्वचाही सोलवटते. बार ठेवायची जागा ठरलेली असते आणि पुष्कळदा गाठ तिथेच उगवते. सुपारीने आतलं अस्तर ताठरत जातं, तोंड उघडेनासं होतं. तीन बोटं उभी जात नसतील तर तो अक्कलदाढेचा त्रास आहे असं परस्पर ठरवू नका. राज्यात 2012पासून गुटख्यावर आणि पानमसाल्यावरही बंदी आहे.

सर्वांत घातक गैरसमज शेवटी: ‘दुखत नाही, म्हणजे काही नाही.’ सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखतच नाही. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, विनाकारण हलू लागलेला दात ही लक्षणं. घशाचं थोडं निराळं आहे. स्वरतंतूंवर गाठ आली तर आवाज लवकर बसतो आणि आजार लवकर सापडू शकतो. त्याखाली, अन्ननलिकेच्या तोंडाशी आली तर गिळताना अडेपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज काढ्यावर सोडू नये.

तोंडाच्या तपासणीला तर यंत्रही लागत नाही. केरळमध्ये तिरुवनंतपुरमजवळ प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन नुसत्या डोळ्यांनी तोंडं तपासली, तर तंबाखू-दारूची सवय असलेल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. चांगला उजेड आणि आरसा घरात असतोच. गाल ओढून, जीभ उचलून महिन्यातून एकदा पाहा आणि शंका आली तर दंतवैद्याला दाखवा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी क्रमांक आहे, फोन मोफत लागतो.