तीनपैकी दोन, पंधरापैकी दहा, अकरापैकी आठ

मार्च २०१७ मध्ये गोव्याने काँग्रेसला चाळीसपैकी १७ जागा दिल्या, भाजपला १३. सरकार मात्र मनोहर पर्रीकरांनी बनवलं. ते कसं, यावर भरपूर लिहून झालंय. मला जास्त छळतात ते निवडून आल्यावर पक्ष बदलणारे.

पहिले गेले वाळपईचे विश्वजित राणे. विश्वासदर्शक ठरावाच्याच दिवशी त्यांनी आमदारकी सोडली, पोटनिवडणुकीआधीच भाजपचे मंत्री झाले आणि ऑगस्टमध्ये वाळपईतून पुन्हा निवडून आले. ऑक्टोबर २०१८ मध्ये सुभाष शिरोडकर आणि दयानंद सोपटे यांनीही तीच वाट धरली. शिरोड्याच्या पोटनिवडणुकीत शिरोडकर तरले ते अवघ्या ७६ मतांनी. या तिघांना पक्षनिष्ठ म्हणायला कुणी धजणार नाही. पण ज्यांची मतं घेतली त्यांच्याच दारात ते नव्या चिन्हासह उभे राहिले, आणि शिरोड्यात ते जवळपास अंगाशी आलं होतं.

मग असल्या जोखमीची गरजच संपली. पर्रीकरांच्या निधनाला दहा दिवस होतात न होतात तोच, २७ मार्च २०१९ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या (मगो) तीनपैकी दोन आमदारांनी भाजपमध्ये विलीनीकरणाचं पत्र दिलं. घेणारे होते प्रभारी सभापती मायकल लोबो. हे नाव पुढे पुन्हा येईल. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यातली एक-तृतीयांश फुटीची पळवाट २००३ मध्ये बुजवली गेली, दोन-तृतीयांशांच्या विलीनीकरणाची तेवढी राहिली. तिघांतले दोघे म्हणजे काट्यावर बरोबर माप.

त्याच वर्षी १० जुलैला काँग्रेसच्या पंधरापैकी दहा आमदार भाजपमध्ये गेले. म्होरके खुद्द विरोधी पक्षनेते बाबू कवळेकर; लगोलग ते उपमुख्यमंत्री झाले. दहांतच बाबूश मोन्सेरात होते. पंचवीस वर्षं भाजपकडे असलेली पणजी त्यांनी मे महिन्यात काँग्रेससाठी जिंकली होती. सात आठवडेही झाले नव्हते. भाजपला हटवायला रांगेत उभ्या राहिलेल्या पणजीकराला कुणी साधं विचारलंही नाही.

अपात्रतेच्या याचिका सभापतींनी एप्रिल २०२१ मध्ये फेटाळल्या. उच्च न्यायालयाचा निकालही आमदारांच्याच बाजूने लागला: विधिमंडळ गटाचे दोन-तृतीयांश सदस्य पुरे, बाहेरचा पक्ष विलीन व्हायची गरज नाही. तारीख २४ फेब्रुवारी २०२२. नव्या विधानसभेसाठी मतदान होऊन तेव्हा दहा दिवस लोटले होते.

मतदारांनी कवळेकरांना केप्यात पाडलं. मोन्सेरात मात्र पणजीतून भाजपच्या चिन्हावर निवडून आले, तेव्हा लोक फुटिरांना धडा शिकवतात हे सरसकट म्हणता येत नाही.

त्या निवडणुकीआधी काँग्रेसने आपल्या उमेदवारांना पणजीची महालक्ष्मी, बांबोळीचा खुरीस आणि बेतीचा दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. कायद्यावरचा भरवसा उडाल्याचीच ती कबुली होती. अकरा निवडून आले, आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यातले आठ भाजपमध्ये गेले. त्यांत लोबो होते, दिगंबर कामतही होते. देवाला पुन्हा विचारलं, त्याने परवानगी दिली, असं कामतांनी सांगितलं. मडगावच्या मतदारांना विचारायचं तर राजीनामा द्यावा लागला असता. ऑगस्ट २०२५ मध्ये कामत मंत्री झाले, ते त्याच आमदारकीवर.