मरणाची विचारपूस

ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदवहीत तारीख बहुधा बरोबर असते. कारणाच्या रकान्यात मात्र ‘ताप’, ‘पोटदुखी’, ‘वृद्धापकाळ’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. 2021 साली देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी फक्त 23.4 टक्के मृत्यूंचं कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं होतं. बाकीच्यांपैकी कितीतरी माणसं घरी, शेतावर, दवाखान्याच्या वाटेवर गेली. त्यांना काय झालं होतं ते सांगू शकेल असा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे शेवटच्या रात्री उशाशी बसलेलं माणूस.

त्या माणसाकडे जाऊन रीतसर विचारपूस करायची आणि ती वाचून डॉक्टरांनी कारण ठरवायचं, या पद्धतीला ‘व्हर्बल ऑटोप्सी’ म्हणतात. पंजाबातल्या नारंगवाल इथल्या ग्रामीण आरोग्य प्रकल्पात तिला हे नाव मिळालं. बालमृत्यूंची कारणं या रीतीने कशी ओळखावीत याचे निकष गडचिरोलीच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1992 साली मांडले. पुढे भारताच्या महानिबंधक कार्यालयाने नमुना नोंदणीसाठी निवडलेल्या लाखो घरांमध्ये हीच पद्धत वापरली.

हे काम जवळून पाहावं म्हणून मी एका सर्वेक्षक ताईंबरोबर गेले होते. गाव दक्षिण रायगडातलं. घर ओळखू येईल असं काही इथे लिहिणार नाही. ताई बी.ए. झालेल्या, वैद्यकीय शिक्षण नाही. ‘डॉक्टर असते तर निदान मनात धरूनच विचारलं असतं,’ असं त्या म्हणाल्या, आणि पुढचा तासभर त्याचा अर्थ मला दिसत राहिला.

तिशीतला मुलगा श्रावणात गेला होता. दिवसकार्य होईपर्यंत ताई अशा घरात पाऊल टाकत नाहीत, पण वर्ष उलटू देत नाहीत, कारण बारीकसारीक गोष्टी तोवर पुसट होतात. पुढे केलेली खुर्ची बाजूला ठेवून त्या आईसमोर जमिनीवर बसल्या. संमतीचा कागद सावकाश वाचून दाखवला. ‘नको वाटलं तर मधेच सांगा मावशी, मी थांबेन.’ आई म्हणाली, ‘विचार बाय. इतक्या दिसांत कुणी विचारलंच नाय.’

आधी छापील प्रश्न. ताप होता? किती दिवस? खोकला, धाप, छातीत दुखणं? अंगाला सूज? बिडी, दारू? कुठे पडले, मार लागला? काही चावलं? उत्तर बहुतेक ‘नाय’. ताई प्रत्येक ‘नाही’वर खूण करत गेल्या. हा भाग लवकर आटपला, आणि तेवढ्यावर थांबलो असतो तर हाती काहीच लागलं नसतं.

मग त्यांनी फॉर्म उलटला. मागे कोरी जागा असते, घरच्यांच्या बोलीत हकिकत लिहायची. ‘आता आदल्या दिवसापासून सांगा.’ मुलगा लावणी करून आला, जेवला, झोपला. पहाटे पोट धरून उठला, ओकला. बायकोने ओवा दिला. ‘मला वाटलं झोप पुरी नाय झाली. पापणी उचलंना त्याला,’ आई म्हणाली. मग बोलणं जड झालं. पाणी पाजलं तर नाकातून आलं. भगताने सांगितलं, बाहेरचं लागलंय. जीप येईपर्यंत श्वास संपला.

मधे ताईंचा शब्द एकच: ‘मग?’ शेवटी त्यांनी दोन गोष्टी विचारल्या. झोपले कुठे होते? ‘हितंच, खाली.’ अंगावर कुठे खूण, सूज? बायको म्हणाली, काहीच नव्हतं. ‘साप’ हा शब्द ताईंनी तोंडातून काढला नाही. एकदा तो उच्चारला की घरचे आठवण त्याला जुळवून घेतात, मग हकिकत त्यांची राहत नाही. ‘काही चावलं?’पुढची ‘नाही’ची खूणही त्यांनी बदलली नाही. ‘पापणी उचलंना’ हे मात्र जसंच्या तसं लिहिलं. ‘अशक्तपणा आला’ असं लिहिलं असतं तर वाक्य नीटनेटकं झालं असतं आणि माहिती मेली असती.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूज येत नाही, खूण बरेचदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. मग पापण्या उतरतात, गिळता येत नाही, आणि शेवटी श्वासाचे स्नायू लुळे पडतात. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची वर्णनं वैद्यकीय नियतकालिकांतून प्रसिद्ध केली आहेत. पोटदुखी म्हणून नोंदलेल्या मरणांत मण्यारीची मरणं किती मिसळली असतील, हा प्रश्न त्या घरातून उठल्यावर माझी पाठ सोडेना.

भरलेला फॉर्म दोन डॉक्टर वेगवेगळे वाचतात, एकमेकांचं मत न पाहता. आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला एक संकेतांक कारणाला द्यायचा. मतं जुळली नाहीत तर दोघांनी पुन्हा वाचायचं, तरीही भेद उरला तर तिसऱ्या ज्येष्ठ डॉक्टरने ठरवायचं. बुडणं, अपघात, डोळ्यांदेखत झालेला सर्पदंश सहज ओळखता येतो. तापाचं तसं नाही. 2010 साली या पद्धतीने भारतात मलेरियाचे वर्षाला सुमारे 2 लाख 5 हजार बळी मोजले गेले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज 15 हजारांचा होता. संघटनेने हरकत घेतली: तापाचे आजार नुसत्या हकिकतीवरून वेगळे कसे काढणार? हरकत रास्त होती. पण 15 हजारांच्या अंदाजातही दवाखान्यापर्यंत न पोहोचलेली माणसं नीट धरलेली नव्हती, हेही तितकंच खरं.

सर्पदंशाबाबत या विचारपुशीने जे दाखवलं ते दवाखान्यांच्या आकड्यांतून कधीच दिसलं नसतं. 2000 ते 2019 या काळात देशात सुमारे 12 लाख माणसं सापाच्या विषाने गेली, वर्षाला सरासरी 58 हजार. निम्म्याच्या आसपास मृत्यू जून ते सप्टेंबरातले. 2024 साली केंद्राने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा आणला, 2030पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी. वर्षानुवर्षं कुणीतरी ‘मग?’ म्हणत ऐकून घेतलं, म्हणून हा प्रश्न दिल्लीपर्यंत पोहोचला.

उलट्या दिशेने मात्र फारसं काही येत नाही. डॉक्टरांनी ठरवलेलं कारण बहुतेक सर्वेक्षणांत घरी कळवत नाहीत. एकेका मृत्यूबद्दलचं हे अनुमान चुकू शकतं, मोजणी समूहासाठी असते, गुप्तता पाळायची असते. ही कारणं मला समजतात, पण पुरेशी वाटत नाहीत. नाव न घेता गावाला सांगता येईल की इथे पावसाळ्यात अशी अशी मरणं होतात. त्या आईच्या घरात पुढच्या लावणीलाही माणसं खालीच झोपणार आहेत. खाट हवी, मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचलेली हवी. पहाटे पोट दुखून पापणी जड झाली तर ओव्यात आणि भगताकडे वेळ न घालवता थेट ग्रामीण रुग्णालय गाठायचं, तिथे प्रतिविष हवं, कृत्रिम श्वास देणारं माणूस हवं. ताईंच्या फॉर्मवर यातलं काही सांगायला जागा नाही. त्यासाठी एक ओळ पुरेल, आणि ती पुढच्या जूनच्या आत छापली जायला हवी.