शाळा कोणाची आणि प्रवेश कोणाला?

न्यू यॉर्क शहरातील शालेय शिक्षण तीन प्रकारच्या शाळांमधून चालते: शहर प्रशासनाच्या सार्वजनिक शाळा, सरकारी पैशावर पण स्वतंत्र विश्वस्त मंडळांच्या कारभाराखाली चालणाऱ्या चार्टर शाळा आणि फी व देणग्यांवर उभ्या असलेल्या खासगी शाळा. यांपैकी कोणती व्यवस्था अधिक चांगली, हा वाद अमेरिकेत गेली तीन दशके सुरू आहे आणि तो बहुधा परीक्षांच्या निकालांवर लढवला जातो. तथापि निकालांकडे वळण्यापूर्वी प्रत्येक शाळेत मुले कोणत्या मार्गाने पोहोचतात आणि कोणाला नाकारण्याची मुभा त्या शाळेला आहे, हे तपासल्याखेरीज या तुलनेला फारसा अर्थ उरत नाही.

सार्वजनिक शाळांची व्यवस्था अमेरिकेतील सर्वांत मोठी आहे. चार्टर शाळा धरून तिच्यात सुमारे ९ लाख मुले शिकतात आणि तिच्यावर दरवर्षी ३५ अब्ज डॉलरहून अधिक खर्च होतो. हा पैसा मुख्यतः शहराच्या व राज्याच्या करांतून आणि काही अंशी संघराज्य सरकारकडून येतो. कारभाराच्या सोयीसाठी शहराचे ३२ शालेय जिल्हे पाडलेले असले, तरी २००२ पासून अंतिम अधिकार महापौराकडे व त्याने नेमलेल्या शिक्षणप्रमुखाकडे आहे. या शाळांना कोणत्याही मुलाला शहराच्या व्यवस्थेबाहेर ठेवता येत नाही. स्थलांतरितांच्या मुलांकडे वास्तव्याची कागदपत्रे नसली, तरी त्यांना मोफत सार्वजनिक शिक्षण नाकारता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दिला. आणि अपंग मुलांना योग्य शिक्षण देण्याचे बंधन १९७५ च्या संघराज्य कायद्याने घातले. या शहरात गेली अनेक वर्षे दरवर्षी १ लाखाहून अधिक विद्यार्थी शालेय वर्षात कधी ना कधी निवारागृहात, नातलगांच्या घरी किंवा अशाच तात्पुरत्या आसऱ्याला असतात, ही एकच बाब या जबाबदारीचा आवाका दाखवण्यास पुरेशी आहे.

सार्वजनिक म्हटले म्हणून या सर्व शाळा सर्वांना सारख्याच खुल्या आहेत, असे मात्र नाही. प्राथमिक प्रवेश बहुतांशी घराच्या पत्त्यावर ठरतो, कारण प्रत्येक शाळेला एक ठरावीक परिसर नेमून दिलेला असतो आणि तेथील रहिवाशांच्या मुलांना अग्रक्रम मिळतो. परिणामी चांगली शाळा असलेल्या वस्तीत घरभाडे चढते आणि ज्या कुटुंबाला ते परवडत नाही, त्याच्यासाठी ती मोफत शाळाही दूरची ठरते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील नागरी हक्क प्रकल्पाने २०१४ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील शाळा वंशानुसार देशात सर्वाधिक विभागलेल्या असल्याचा निष्कर्ष काढला, तेव्हा त्यामागे शहरातील वस्त्यांची हीच विभागणी मोठ्या प्रमाणात होती.

माध्यमिक प्रवेशाची पद्धत वेगळी आणि अधिक विचारपूर्वक आखलेली आहे. २००३ पर्यंत शहरातील ३० हजारांहून अधिक मुलांना दरवर्षी त्यांनी मागितलेलीच नव्हती अशी शाळा मिळत असे. ही स्थिती बदलण्यासाठी अर्थतज्ज्ञ आल्विन रॉथ, अतिला अब्दुलकादिरोग्लू आणि पराग पाठक यांनी एक जुळणी पद्धत तयार केली. तिच्यात विद्यार्थी शाळांचा पसंतीक्रम देतो. संगणक प्रत्येकाचा अर्ज प्रथम पहिल्या पसंतीच्या शाळेकडे पाठवतो. शाळा आपल्या निकषांनुसार जागांइतकी मुले तात्पुरती राखून ठेवते आणि उरलेल्यांचे अर्ज त्यांच्या दुसऱ्या पसंतीकडे जातात. तेथे अधिक पात्र विद्यार्थी आल्यास आधी राखून ठेवलेल्या मुलालाही जागा सोडून आपल्या पुढच्या पसंतीकडे जावे लागते, आणि सर्व अर्ज स्थिरावेपर्यंत कोणताही प्रवेश पक्का होत नाही. त्यामुळे मोठी शाळा मागितली तर लहानही हातची जाईल, या भीतीने पालकांना खरी पसंती लपवावी लागत नाही. पहिल्याच वर्षी न मागितलेली शाळा मिळणाऱ्यांची संख्या सुमारे ३ हजारांवर आली. अशा जुळणी पद्धतींच्या अभ्यासासाठी व रचनेसाठी रॉथ यांना २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अर्थात जुळणी कितीही न्याय्य असली, तरी चांगल्या शाळांतील जागा तिने वाढत नाहीत.

स्टायव्हसंट, ब्राँक्स सायन्स व ब्रुकलिन टेक यांसारख्या आठ विशेष माध्यमिक शाळा या जुळणीच्या बाहेर असून तेथील प्रवेश केवळ एका लेखी परीक्षेवर होतो. १९७१ च्या राज्य कायद्याने ही अट घालून दिली. २०१९ मध्ये स्टायव्हसंटच्या ८९५ जागांपैकी अवघ्या ७ जागा कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या वाट्याला आल्या. परीक्षा रद्द करण्याच्या प्रस्तावाला आशियाई वंशाच्या पालकांनी मोठा विरोध केला; त्यांपैकी अनेक कुटुंबे स्वतः गरीब स्थलांतरितांची होती आणि परिश्रमाने वर येण्याचा आपल्या मुलांना उपलब्ध असलेला एकमेव मार्ग बंद होईल, अशी त्यांची रास्त भीती होती. या वादात दोन्ही बाजूंना वंचित मुलेच होती.

चार्टर म्हणजे सनद. सरकारने नेमलेली संस्था एखाद्या विश्वस्त मंडळाला ठरावीक मुदतीसाठी, न्यू यॉर्कमध्ये कमाल पाच वर्षांसाठी, शाळा चालवण्याची सनद देते आणि मुदत संपल्यावर कामगिरी पाहून तिचे नूतनीकरण करते किंवा ते नाकारून शाळा बंद करते. महाराष्ट्रातील खासगी अनुदानित शाळांप्रमाणे येथेही पैसा सरकारचा आणि व्यवस्थापन खासगी असते. परंतु चार्टर शाळेला फी घेता येत नाही आणि शिक्षकांची नेमणूक, शाळेची वेळ व अभ्यासक्रम यांबाबत तिला बरीच अधिक मोकळीक असते. मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा १९९१ मध्ये केला. न्यू यॉर्कने १९९८ मध्ये त्याचे अनुकरण केल्यावर १९९९ साली हार्लेममध्ये पहिली शाळा उघडली. आज शहरात अशा शाळांत सुमारे दीड लाख मुले आहेत. राज्यासाठी ४६० शाळांची मर्यादा २०१० मध्ये ठरली आणि तीतील शहराचा वाटा २०१९ मध्ये संपला.

अर्ज जागांपेक्षा जास्त असतील, तर चार्टर शाळेला सोडत काढणे कायद्याने बंधनकारक आहे. भावंडांना व त्याच शालेय जिल्ह्यातील मुलांना अग्रक्रम मिळतो. नाव न लागलेल्यांची प्रतीक्षायादी होते. सोडत निःपक्षपाती असते, पण अर्ज करणे हे पालकांच्या माहितीवर व सवडीवर अवलंबून राहते. शिवाय वरच्या इयत्तांत एखादे मूल शाळा सोडून गेले, तर ती जागा भरण्याची सक्ती नसल्याने काही शाळांचे वर्ग वर्षागणिक लहान होत जातात. याउलट परिसराच्या सार्वजनिक शाळेत फेब्रुवारीत परदेशातून आलेल्या मुलालाही वर्गात बसवावे लागते. जागेच्या टंचाईमुळे या दोन्ही शाळा अनेकदा एकाच सरकारी इमारतीत वेगवेगळ्या मजल्यांवर भरतात आणि भोजनगृह, व्यायामशाळा व ग्रंथालय वेळा वाटून वापरतात. २०१४ च्या कायद्यानुसार नव्या चार्टर शाळेला जागा देणे, अन्यथा तिच्या भाड्याचा भार उचलणे शहरावर बंधनकारक झाले आणि या सहवासातील ताण अधिकच वाढला.

खासगी शाळांमध्ये शहरातील जवळपास पाचवा हिस्सा मुले आहेत. परंतु त्या सर्व श्रीमंतांच्या नाहीत. ट्रिनिटी, डाल्टन किंवा होरेस मान यांसारख्या नामवंत शाळांची वार्षिक फी ६० हजार डॉलरच्या पुढे गेली आहे आणि तेथे मुलाखत, शिफारस व चाचणी यांतून निवड होते. दुसरीकडे, आयरिश व इटालियन स्थलांतरितांच्या मुलांसाठी वाढलेल्या कॅथलिक शाळा कमी फीत चालत आल्या, कारण नन नाममात्र वेतनावर तेथे शिकवत असत. त्यांची संख्या घटल्यावर यांतील अनेक शाळा बंद पडल्या. ब्रुकलिनमधील ज्यू धार्मिक शाळांत मोठ्या संख्येने मुले आहेत आणि तेथे इंग्रजी व गणित पुरेसे शिकवले जाते का, हा सरकार व समाज यांच्यातील दीर्घकालीन वाद आहे.

या पार्श्वभूमीवर निकालांकडे पाहिले पाहिजे. चार्टर शाळेतील मुलांची परिसरातील सर्व मुलांशी तुलना केली, तर अर्ज करणाऱ्या जागरूक पालकांचा प्रभाव शाळेच्या खात्यावर जमा होतो. ही त्रुटी टाळण्यासाठी कॅरोलिन हॉक्सबी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये न्यू यॉर्कमधील सोडतीत नाव लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांची तुलना केली. अर्ज दोन्ही गटांनी केलेला असल्याने फरक मुख्यतः शाळेचाच उरतो. नाव लागलेल्यांची प्रगती इंग्रजी व गणितात अधिक आढळली. हा पुरावा गंभीरपणे घेतला पाहिजे. मात्र तो अर्जच न केलेल्या मुलांविषयी काही सांगत नाही, आणि ही मुले सार्वजनिक शाळांतच असतात.

महाराष्ट्रालाही हा प्रश्न परका नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील २५ टक्के जागा दुर्बल घटकांसाठी सोडतीने भरल्या जातात. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असलेल्या खासगी शाळांना त्यातून सूट देणारी अधिसूचना राज्याने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती त्याच वर्षी जुलैमध्ये रद्द केली. सोडतीचा दरवाजा उघडा राहिला, हे योग्यच झाले; परंतु नाव न लागलेल्या मुलाला जवळच्या महापालिका शाळेत तितकेच चांगले शिक्षण मिळत नसेल, तर त्या मुलाचा हक्क कागदावरच राहतो.

म्हणून एखाद्या शाळेचा निकाल वाचताना तिला कोणाला नाकारता येते, हा प्रश्न प्रत्येक पालकाने व धोरणकर्त्याने आधी विचारावा. आणि जिला कोणालाही नाकारता येत नाही, त्या सार्वजनिक शाळेला सर्वांत चांगले शिक्षक व पुरेसा निधी मिळावा, अशी मागणी आपले मूल तेथे शिकत नसले तरीही करावी.