पाणी देवाचं, पाट आपला: मेहनत आणि भरवसा

आजचा विषय मी निवडलेला नाही. धुळ्याच्या एका ताईंचा व्हॉइस मेसेज आला, त्यातून तो निघाला. त्या म्हणाल्या, "भाऊ, आमच्या घरात दोन टोकं आहेत. यांचं काम सुटून आठ महिने झाले. कुठं अर्ज करा म्हटलं की म्हणतात, प्रभू दार उघडेल. आणि मुलगा भरतीची तयारी करतोय, तर रात्री झोपत नाही, रविवारी उपासनेला येत नाही. म्हणतो, देव काय पेपर लिहायला येणार आहे का? मी कोणाची बाजू घेऊ?"

ताई, मी दोन्ही टोकांना राहून आलोय. म्हणून आज शिकवण कमी, साक्ष जास्त.

काही वर्षांपूर्वी मी रावेरकडे चार एकर केळी खंडाने केली. फळपीक विम्याचा हप्ता भरायची मुदत आली. बायको म्हणाली, "अहो, भरून टाका ना." मी मोठ्या तोंडाने म्हणालो, "माझा विमा वर आहे." खरं सांगू? तो विश्वास नव्हताच. मला पैसे वाचवायचे होते आणि त्या कंजुषीला मी देवाचं नाव दिलं. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं आणि घडांसकट बाग आडवी झाली. डोक्यावर कर्ज आलं.

मग मी उलट्या टोकाला गेलो. पुढची दोन वर्षं विमा भरला, खांबाला दोऱ्या बांधल्या, सगळं केलं. पण झोप गेली. रात्री दोनला उठून मोबाइलवर वाऱ्याचा वेग बघायचो. जणू मी बघितल्याने वारा थांबणार होता! रविवारीही शेतात. एकदा मुलीने विचारलं, "पप्पा, तुम्ही आमच्यासोबत प्रार्थनेला कधी बसणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हा मला आमचे आबा आठवले. आमचं मूळ गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथली फड पद्धत तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. नदीवर दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, आणि गावाच्या जमिनीचे फड. एका फडात सगळ्यांचं एकच पीक. पाटकरी पाळीप्रमाणे पाणी देतो. कित्येक पिढ्यांची ही व्यवस्था. पाटातला गाळ मात्र ज्यांची शेतं आहेत त्यांनीच मिळून काढायचा. आबा म्हणायचे, "पाणी देव देस, पन पाट आपलेच साफ करना पडस."

बघा, आबांनी कधी पाऊस पाडला नाही. सह्याद्रीत पाऊस पडतो, नदीला पाणी येतं, हे त्यांच्या हातातलं नव्हतं. पण पाट गाळाने भरलेला असता, तर आलेलं पाणी त्यांच्या शेतात पोचलं नसतं.

पवित्र शास्त्रातही हेच दिसतं. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात शत्रू चालून येणार असं कळल्यावर लोकांनी प्रार्थना केली आणि पहाराही बसवला. एकाच वचनात दोन्ही गोष्टी. निर्गम 16 मध्ये मान्ना देवाने दिला, पण तो रोज सकाळी उठून गोळा करावा लागत होता. आणि भीतीपोटी उद्यासाठी साठवला त्यांच्या मान्नात किडे पडले. मार्क 4 मधला शेतकरी बी टाकतो, मग रात्री झोपतो. बी कसं वाढतं ते त्याला कळतसुद्धा नाही. पेरणं त्याचं काम, वाढवणं देवाचं. आणि मधे झोपणं, हाही विश्वासच आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती घरांमध्ये पंडिता रमाबाईंच्या प्रार्थनेच्या गोष्टी खूप सांगतात. त्या खऱ्याच आहेत. पण त्यांचे हात किती चालायचे ते आपण कमी सांगतो. 1896-97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुलींना घेऊन आल्या. केडगावला मुक्ती मिशनमध्ये शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता. तिथे मुलीच खिळे जुळवायच्या. बायबलचं मराठी भाषांतर करायचं म्हणून रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या कामात राहिल्या. गुडघ्यावर बसणं आणि कामाला उठणं, त्यांच्यासाठी ही दोन वेगळी आयुष्यं नव्हती.

आता एक अवघड गोष्ट. पाट साफ असूनही पांझरेला पाणी कमी आलं, अशी वर्षंही आबांनी पाहिली. प्रार्थना केली, मेहनत केली, तरी केळी पडू शकते. भरवसा म्हणजे नुकसान होणार नाही याची गॅरंटी नव्हे. कमी पाण्याच्या वर्षी गाव कमी फड भिजवायचं, म्हणजे तूट सगळ्यांनी वाटून घ्यायची. मंडळीही तशीच असावी. ज्याचं काम सुटलंय त्याला नुसतं "प्रार्थना करतो" म्हणू नका, चार ठिकाणी त्याच्यासाठी शब्द टाका.

तर ताई, बाजू कोणाचीच घेऊ नका. दादांना सांगा, प्रभू दार उघडेल, पण दारापर्यंत चालत जावं लागेल. आठवड्याला दोन अर्ज, हा त्यांचा पाट. आणि ते टाळतायत ते विश्वासामुळे की पुन्हा नकार मिळेल या भीतीमुळे, हे प्रेमाने विचारा. मला कोणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मुलाला सांगा, देव पेपर लिहायला येणार नाही, खरंय. पण निकाल काहीही लागला तरी तू आमचाच आहेस आणि त्याचाही आहेस. अभ्यास कर, दहा-अकराला पुस्तक मिट, आणि रविवारचे दोन तास दे.

मी आजही विमा भरतो. पण रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि आधी मुलीसोबत प्रार्थनेला बसतो. वारा यायचा तेव्हा येतोच.

तुमच्या घरात कोणतं टोक आहे, ते जरूर कळवा. पुढच्या भागात भेटू. प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो!