पाहून आलो, पण आणलं काय?



आपल्या वऱ्हाडातल्या बाया फिरत नाहीत, असं कुणी म्हणू नये. शेगाव, माहूर, कौंडण्यपूर, आषाढीला पंढरपूर, सगळीकडे आपण जातो. देवाला जायचं म्हटलं की घरचे सहसा अडवत नाहीत. पण बचत गटाचा अभ्यास दौरा म्हटला, की लगेच ऐकावं लागतं, "तिथी जाऊन का कराचं हाय? घरचं कोन पाहीन?" या प्रश्नाचा राग धरू नये. त्याचं नीट उत्तर आपल्याजवळ पाहिजे. आमच्या गटांनी गेल्या काही वर्षांत जे दौरे केले, त्यातून जे उत्तर सापडलं ते आज सांगतो.

आधी खर्चाचं बोलू. १७ मार्च २०२३ पासून एसटीच्या सर्व प्रकारच्या गाड्यांमध्ये महिलांना निम्मं तिकीट आहे. पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झालेल्या आजीला तर मोफत प्रवास आहे, फक्त वयाचा पुरावा असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरतीच आहे. परतवाड्याहून बैतूल किंवा धारणीहून बऱ्हाणपूर गाठायचं असेल, तर हद्दीपुढचं भाडं पूर्ण धरा. म्हणजे तिकीट आता फार मोठी अडचण राहिली नाही. खरा खर्च असतो बुडालेल्या मजुरीचा. म्हणून सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना दौरा ठेवू नका. संक्रांत झाली, वेचणी सरली, की मग ठरवा.

आमचा एक दौरा झाला पायविहीरला. अचलपूर तालुक्यातलं, मेळघाटच्या पायथ्याचं हे गाव. आजूबाजूचं जंगल उजाड झालं होतं. वनहक्क कायद्याखाली २०१२ साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. गावानं झाडं लावली, राखली. जंगलातली सीताफळं एकेकट्यानं व्यापाऱ्याला देण्याऐवजी एकत्र विकायला घेतली. २०१४ साली या कामाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पातळीवरचा पुरस्कार मिळाला.

आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा लागत होता, सीताफळाचा हंगाम नव्हता. तरी झाडं पाहून आमच्यातल्या दोघीतिघी म्हणाल्या, "आपनही धुऱ्यावर सीताफळ लावू." परतताना गाडीत यावर चर्चा झाली. आमची बरीचशी गावं दर्यापूर, अकोट, तेल्हाऱ्याकडची, म्हणजे खारपाणपट्ट्यातली. जमीन काळी, चिकट, पाणी धरून ठेवणारी, आणि विहिरीचं पाणी खारं. सीताफळाला हलकी, पाण्याचा निचरा होणारी जमीन मानवते. मग पायविहीरहून रोप आणून उपयोग नाही. आणायची ती एकत्र विकायची रीत. त्यानंतर आमच्या एका गटानं तूरडाळ आणि शेवया प्रत्येकीनं वेगळ्या विकणं बंद केलं. एकच वजन, एकच भाव, एकच हिशेबवही. आता दाराशी येणारा व्यापारी एकीला दुसरीचा कमी भाव सांगून पाडू शकत नाही.

यातून पहिला धडा मिळाला. दुसऱ्या गावची वस्तू आपल्याकडे रुजेलच असं नाही, पण काम करायची पद्धत बहुधा रुजते.

दुसरा दौरा वर्ध्याचा. सेवाग्रामची बापूकुटी पाहिली, मग मगन संग्रहालय. हे संग्रहालय १९३८ सालचं, खादी आणि ग्रामोद्योगासाठी उभारलेलं. तिथले चरखे पाहताना एक गोष्ट मनाला लागली. आपल्यातल्या कित्येकींचं आयुष्य पराटीत वाकून कापूस वेचण्यात जातं, पण त्याचं सूत होताना आपण कधी पाहिलेलं नसतं. एक क्विंटल कापसातून साधारण ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. रुईचं सूत, सुताचं कापड, सरकीचं तेल आणि ढेप. ढेप आपणच दुकानातून विकत आणून गाईम्हशीला घालतो! सगळ्यांनी उद्यापासून सूत कातावं, असं आमचं म्हणणं नाही. पण आपला माल कोणत्या टप्प्यावर हातातून जातो आणि पुढे त्याचं काय होतं, हे प्रत्येकीला ठाऊक असलं पाहिजे. हा दुसरा धडा.

म्हणून जाण्याआधी गटाच्या बैठकीत प्रश्न लिहून घ्या. आम्ही चार प्रश्न ठरवले आहेत. सुरुवात किती पैशांत केली? माल कोण घेतं आणि पैसे किती दिवसांनी मिळतात? काय फसलं? भांडण झालं तर कसं मिटवता? तिसरा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण सगळ्यांत जास्त शिकायला त्यातूनच मिळतं.

आता थोडं नाजूक बोलू. दौऱ्याला जातं कोण? बहुतेक वेळा अध्यक्ष, सचिव आणि ज्यांच्या घरी सासू किंवा जाऊ सांभाळायला आहे त्या. एकटी राहणारी, रोजानं जाणारी, तान्हं लेकरू असलेली बाई दरवेळी मागे राहते. खरं तर नव्या धंद्याची गरज तिलाच जास्त असते. गटाचा पैसा तिचाही आहे. म्हणून जी आधी गेली नाही तिचं नाव यादीत पहिलं लिहा. तिच्या बुडालेल्या मजुरीपैकी काही भाग गटातून द्यायचा का, हे सर्वांनी मिळून ठरवा आणि ठराव इतिवृत्तात लिहा. लेकरू लहान असेल तर दोघींनी मिळून सांभाळा. तिच्या घरी परवानगी मागायची असेल तर तिला एकटीला पाठवू नका, चौघी मिळून जा.

परत आल्यावरचं काम सर्वांत मोठं. पंडिता रमाबाई १८८६ साली अमेरिकेत गेल्या. तिथल्या बाया संस्था कशा चालवतात हे त्यांनी बारकाईनं पाहिलं. १८८९ साली मायदेशी आल्या, त्याच वर्षी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि अमेरिकेची हकीकत मराठीत लिहून छापली. आपलं अंतर अचलपूर-वर्ध्याएवढं असलं तरी रीत तीच. पाहिलेलं सांगायचं आणि त्यातलं एक तरी करून दाखवायचं.

आमच्याकडे नियम असा आहे. जी जाऊन आली, तिनं पुढच्याच बैठकीत मागे राहिलेल्यांना सगळं सांगायचं. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगायचं, दुसरीनं लिहून घ्यायचं. त्यातली एक गोष्ट निवडून तीन महिने करून पाहायची आणि हिशेब गटापुढे ठेवायचा. नफा झाला की तोटा, दोन्ही सांगायचं.

मग घरी कुणी विचारलं, "तिथी जाऊन का केलं?", तर हिशेबवही उघडून दाखवता येते. येत्या बैठकीत एवढंच करा. आजवर आपल्या गटातून कोण कोण कुठे जाऊन आलं आणि कोण एकदाही गेलं नाही, याची यादी काढा. पुढचा दौरा त्या दुसऱ्या यादीपासून सुरू करा.