ॲसिडियनाच्या पेशींतील अम्लता

'ॲसिडियन' हे नाव 'लहान बुधली' अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. अम्लवाचक 'ॲसिड' या शब्दाशी त्याचे काही नाते नाही. देवनागरीत मात्र दोन्हींचा प्रारंभ सारखाच दिसतो, आणि विद्यार्थी हमखास फसतात. खडकाला चिकटून राहणारा, समुद्राचे पाणी गाळून जगणारा हा कंचुकधारी प्राणी दाबला असता पाण्याची पिचकारी सोडतो. योगायोग असा की, त्याच्या काही जातींच्या पेशींत खरोखरच तीव्र अम्ल असते.

नेपल्स येथे मार्टिन हेन्झे यांना १९११ साली या प्राण्याच्या रक्तपेशींत व्हॅनेडियम आढळले. फोडलेल्या पेशींतील द्रव अतिशय अम्लधर्मी होता. मग प्रश्न असा की, हे अम्ल जिवंत पेशीत होते, की पेशी फुटताना निर्माण झाले? १९८२ मध्ये काही संशोधकांनी पेशी जवळजवळ उदासीन असल्याचे प्रतिपादिले. १९८६ मध्ये व्हॅनेडियमच्याच चुंबकीय गुणधर्मांवरून सामू (पीएच) १.८ काढण्यात आला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादाचा बराचसा भाग 'पेशीची अम्लता' यातील 'ची' या प्रत्ययात दडलेला आहे. पेशी म्हणजे एकजिनसी द्रवाचा थेंब नव्हे. व्हॅनेडियम साठविणाऱ्या पेशीत एक मोठी रिक्तिका असते. केंद्रक कडेला ढकलले गेल्याने पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसते. जो मापक पेशीद्रवातच राहतो, तो पेशीद्रवाचाच सामू सांगणार. व्हॅनेडियम मात्र रिक्तिकेत असते. अम्ल तेथेच कोंडलेले असते. रिक्तिकेच्या पटलातील प्रथिने ऊर्जा खर्चून प्रोटॉन आत लोटतात. बाहेरचा रक्तरस उदासीनच राहतो.

जपानमध्ये हितोशी मिचिबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये तीन जातींची तुलना केली. 'ॲसिडिया जेमाटा'त सामू १.८६, 'अहोदोरी'त २.६७ आणि 'सिडनीएन्सिस सामेआ'त ४.२० आढळला. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक, हे ध्यानात घेतल्यास पहिल्या व तिसऱ्या जातींतील अंतर दोनशे पटींहून अधिक भरते. व्हॅनेडियमचे प्रमाणही याच क्रमाने उतरते.

कंचुकाची गोष्ट निराळी. सेल्युलोजयुक्त या आवरणात काही जातींमध्ये फुग्यासारख्या अम्लगर्भ पेशी असतात. कंचुक कापला की त्या फुटून अम्ल बाहेर येते. भक्षकांपासून व अंगावर वाढू पाहणाऱ्या जीवांपासून याने रक्षण होत असावे, असे मानतात. रक्तपेशींतील अम्लाला मात्र हेच प्रयोजन चिकटविण्याची घाई करू नये.